नव्वद अंश उजवीकडे

वेंगुर्ले बंदराच्या जुन्या नोंदवह्या
स्कॅन होऊन आल्या, त्या आडव्या.
सोळाशे बारा फायली,
पान न् पान डाव्या कुशीवर,
वाळूत ओढून ठेवलेल्या होड्यांसारखं.
कंत्राटदार कोल्हापूरचा. त्याच्या पोरांनी
लांबट वह्या यंत्रात मावतील तशा सरकवल्या,
बिल काढलं, आणि घाट चढून गेले.

महिनाभर मी डावा कान खांद्याला लावून वाचत होते:
फत्तेमारी, पडाव, मचवा.
गेल्याची तारीख, माल, तांडेल, आल्याची तारीख.
मीठ. कौलं. सुकी सुंगटं. पुन्हा मीठ.
चहा आणणारी शेवंतीकाकी दारातूनच ओरडायची,
"मान मोडात गो तुजी!"
एकदा तिनंच मॉनिटर उचलून उभा केला,
आणि दोन दिवस आम्ही तो
नारळाच्या सोडणांवर टेकवून चालवला.

मग उभादांड्याचा रोझारियो फोनवर म्हणाला,
एकेक पान कसलं फिरवतेस, सगळ्यांना एकदम सांग.
एक ओळ दिली त्यानं. टिंब, रेघ, नव्वद.
जुन्या फायलींची नक्कल ठेव, हे दोनदा बजावलं.

शुक्रवारी पावणेसहाला एन्टर दाबलं.
तीन लाख पानं एकदम कूस बदलणार
म्हणजे काहीतरी ऐकू येईल, असं उगाच वाटत होतं.
नुसते आकडे सरकत राहिले.
एक हजार चाळीसला वीज गेली.
यूपीएस किंचाळत असताना अजून दीडशे झाल्या,
उरलेल्या सोमवारी.

मोडीतल्या वह्यांचं मला काही कळेना,
सरळ झाल्या की उलट्या?
नमसकाका आले, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
रेघ बघ. मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो पानभर,
मग तिला अक्षरं टांगतो,
दोरीवर बांगडे वाळत घालावेत तशी.
रेघ वर, तर पान सरळ.
ती वर होती.

बाराच पानं बिघडली.
त्या पोरांपैकी कुणा एकानं, कुठल्याशा दुपारी,
तेवढी नीट सरळ धरून घातली असणार.
आता तीच उजव्या कुशीवर.
ती मी हातानं फिरवली, एकेक,
त्याचं नाव ठाऊक नाही म्हणून जरा सावकाश.

आणि फाईल आठशे सत्त्याहत्तर, पान त्रेचाळीस.
हे मला आधीपासून ओळखीचं.
महिनाभर त्या आडव्या गर्दीत
एवढी एकच ओळ मला मान न वाकवता वाचता यायची,
कडेच्या समासात, वरून खाली उतरणारी,
कारकुनानं वही फिरवून लिहिलेली.
पलीकडे तक्त्यात: गलबत दर्यासुंदर, तांडेल भिवा खवणेकर,
माल मंगलोरी कौलं, गेल्याची तारीख आहे.
आल्याच्या रकान्यात काही नाही.
समासात:
"तांडेलाची बायको रोज विचारावयास येते. काय सांगावे."

एवढ्यासाठी रकाना नव्हता.
साहेब वही सरळ धरून वाचतो, हे त्याला माहीत असणार.
का फक्त जागा पुरली नाही? असेलही.
आता पान उभं झालं,
कौलं वाचता येतात, तांडेल वाचता येतो,
आणि तो प्रश्न कडेला जाऊन निजला.

मी त्या एका पानाला पुन्हा आडवं केलं.
का, ते शेवंतीकाकीला सांगून बघितलं.
तिनं कपबशी तिथंच ठेवली, स्क्रीनकडे पाहिलं,
वाचता येत नाही तिला,
तरी विचारलं, "मगे? इलो तो?"

गेल्या आठवड्यात ओरोसहून पत्र आलं:
फाईल ८७७ मधील पृष्ठ ४३ आडवे आढळते,
दुरुस्ती करून अहवाल सादर करावा.
जावक क्रमांक टाकून
मी ते खालच्या खणात ठेवलंय.