दोन बोटं डावीकडे

आमच्या यावलच्या कॉलेजची रिंग भिका मिस्तरीने केलेली.
तो एरवी शेताची फाटकं करायचा, ठिबकच्या टाक्यांना स्टँड.
एका दुपारी वेल्डिंग संपवून, एक डोळा मिटून
खालून बघत म्हणाला, सरळ आहे.
ती दोन बोटं डावीकडे कललेली होती.
आम्हाला कसं कळणार?
आम्ही दुसरी रिंग पाहिलीच नव्हती.

सहा जणी. पाच मैदानात, चेतना झोपे बाकावर,
तिच्या मांडीवर सगळ्यांच्या ओढण्या, घड्याळं, एसटीचे पास.
पाठीवरचे आकडे तिच्या आईने शिवलेले;
माझा सात उसवून उसवून एक झाला होता.
नेहेते सर भूगोल शिकवायचे, उरलेल्या वेळात आम्हाला.
शिट्टी नव्हती. टाळी होती,
स्टँडपर्यंत ऐकू जाणारी.

जळगावला तीन दिवस आम्ही कशा जिंकत गेलो
हे समोरच्या पोरींना कळलं नाही, आम्हालाही नाही.
जवळून मारायचं, फळीवर आपटून, कोपर खाऊन.
लांबून कुणी मारलंच नाही,
म्हणून शेवटपर्यंत काही उघडं पडलं नाही.

फायनल. धुळ्याच्या पोरी, सगळ्यांचे बूट एकाच रंगाचे.
एक्केचाळीस-चाळीस. चार सेकंद.
चेंडू माझ्या हातात.

इथे मला जरा हळू सांगावं लागेल.
माझ्यासमोर कुणी नव्हतं.
रिंग दोन पावलांवर. जाळीची एक गाठ सुटलेली,
तीसुद्धा मला दिसली.
आणि मी लांब उभ्या जुबेदाकडे पाहिलं
आणि चेंडू तिला दिला.

जुबेदा तडवी. पहाटे सातपुड्याच्या पायथ्याहून निघून,
डेअरीवर दूध घालून, मग सायकलने येणारी.
आमच्या रिंगीत डोळे झाकून टाकणारी.
तिने मारला तसाच, रोजच्यासारखा.
चेंडू वर असताना
कुणाची तरी शेंगदाण्याची पुडी फाटल्याचा आवाज आला.
मग तो रिंगीच्या कडेवर बसला,
खरंच बसला, पाहुण्यासारखा,
एकदा फिरला,
आणि डाव्या अंगाने उठून गेला.

भोंगा त्यानंतर वाजला, की आधी,
यावर अजून वाद आहे. आमच्यातच. बाकी कुणाला काय.

सरांनी जिंकण्याच्या भरवशावर भरीत सांगून ठेवलेलं,
साकळीजवळ कुणाच्या केळीच्या बागेत.
वांगी काही हरलेली नव्हती.
ती पऱ्हाट्यांवर भाजली गेली, सोलली गेली,
बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली गेली.
अर्धा तास कुणी घास उचलला नाही.
मग चेतनाने, जी खेळलीच नव्हती,
कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या आणि रडली.
बागवाल्याची बायको म्हणाली,
"कायले रडता व पोरीहो, भरीत खारट व्हईन."

सर ताटावरून एकदम उठले. "रिंग," म्हणाले.
रात्री साडेदहाला कॉलेजचं फाटक उघडायला लावलं.
मोटरसायकलच्या उजेडात शिडी, ओळंबा, फूटपट्टी.
दोन बोटं.

तेव्हापासून गावाचं ठरलं:
पोरी हरल्या नाहीत, भिका मिस्तरी हरला.
तो बिचारा महिनाभर त्या रस्त्याने गेला नाही.
माझं कौतुक झालं. किती निःस्वार्थ पास, असं
प्राचार्य माइकवर म्हणाले.
जुबेदाही टाळ्या वाजवत होती,
माझ्याकडे बघत, इतरांपेक्षा जरा हळू.

रिंग सरळ झाली. मिस्तरीने पैसे घेतले नाहीत.
पहिल्या दिवशी सगळ्यांचेच नेम चुकले.
सगळ्या गेल्यावर मी उभी राहिले
दोन पावलांवर, तिथेच.
मारला. गेला.
पुन्हा मारला. गेला.
अंधार पडेपर्यंत जातच राहिला,
एकदा तरी चुकायचं ना.

फाटकाशी सायकल होती, भिंतीला टेकवलेली.
कधीपासून, ते तिने सांगितलं नाही.
आत आली, हात पुढे केला.
"आन," म्हणाली, "मले दे."