नळाचा दिवस

आज अकरावा दिवस.
नळ कधी येईल याचा नेम नाही,
म्हणून पहाटे तीनपासून पायरीवर बसलेय.
दोन ड्रम, चार घागरी, आईचा तांब्या,
तोटीला बांधलेलं जुन्या लुगड्याचं फडकं.

महिनाअखेर ही खोली सोडायचीय.
जालन्यात, मिशनच्या आवारात, सत्तेचाळीस वर्षं.
आई याच खोलीत गेली,
तिच्या खाटेच्या पायांचे चार डाग
अजून फरशीवर आहेत.

शांतवननं सही केली. माझ्या पाठचा.
गोवर आला तेव्हा ज्याला
लिंबाच्या पाल्यावर निजवून रात्रभर वारा घातला, तो.
सही केली आणि मग मोसंब्या घेऊन आला, अर्धा डझन.
"आक्का, सगळ्यांच्या भल्याचंच आहे."
मोसंब्या ठेवून घेतल्या.
फळाचा काय दोष.

पंच कमिटीपुढं उभी राहिले.
पाळकसाहेबांनी घसा खाकरला
(यांच्या दोन्ही लेकी माझ्याच हातावर जन्मल्या)
आणि म्हणाले, देवाची इच्छा.
बाकीचे सात जण आपापल्या चपलांकडं बघत होते,
जशा कुणी बदलून नेल्यात.
मी कागद मागितला. चष्मा पुसला.
वरपासून खालपर्यंत वाचला.
अध्यक्ष, सचिव, खजिनदार, भाऊ, दोन साक्षीदार.
देवाची सही कुठं दिसली नाही.
मागच्या बाजूलाही पाहिलं.

त्या रात्री भांडले.
त्यांच्याशी नाही, ते कुठं ऐकतात.
जो ऐकतो असं वाटतं, त्याच्याशी.
म्हटलं, तू होतास ना तिथं?
मग तूही चपलाच बघत होतास का?
उत्तर नाही.
लोखंडाच्या भट्ट्यांचा तेवढा लाल उजेड
औरंगाबाद रोडच्या बाजूला.

रागातच झोपले. उठले तर शनिवार.
शनिवारी देऊळ झाडायचं असतं.
किल्ली कमरेलाच होती, पाय आपले निघाले.
बाकांखाली चिंचोके, एक क्लिप,
कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात.
दात खिडकीत ठेवला, कुणी शोधत येईल म्हणून.
पाळकसाहेबांची खुर्चीही पुसली.
खरं सांगते, जरा कमी पुसली.

सरूबाई विचारते, कशाच्या जोरावर गं तू?
वचनं मला पाठ आहेत,
पण आजकाल ती घशाशी येऊन बसतात, पुढं सरकत नाहीत.
मला येतं ते एवढंच:
बाईच्या पोटावर नळी टेकवायची, कान लावायचा.
कधीकधी ठोका सापडत नाही.
मग नळी बोटभर सरकवायची. श्वास धरायचा.
बाहेर सासू रडू लागते, डॉक्टर घड्याळ बघतो,
आपण कान काढायचा नाही.
सापडत नाही म्हणजे नाही, असं नसतं.

कधी खरंच नसतो. तेही पाहिलंय.
ती लेकरं मी धुऊन, पुसून,
स्वच्छ कपड्यात गुंडाळून आयांच्या मांडीवर दिलीत.
म्हणून मला कुणी सोप्या गोष्टी सांगू नयेत.
तरी पुढच्या बाईच्या पोटावर
कान लावायचा राहिला नाही कधी.

कुठं जाणार, ठरलेलं नाही.
ट्रंक भरली, परत उपसली.
शांतवनच्या नातवासाठी विणत होते तो स्वेटर
एका बाहीवर थांबलाय.
उसवावा असं मनात आलं. उसवला नाही.
लेकरानं कुठं सही केलीय.

तोटी बोलू लागली. फस्स, फस्स.
हवा नुसती, गंजाचा वास.
घागर सरकवून बरोबर खाली धरलीय.
पलीकडून नुसरत दार किलकिलं करून विचारते,
"आक्का, आलं का पाणी?"
म्हटलं, येऊ राहिलंय.