कोपराची उंची

दार आत उघडतं, तिथले सव्वादोन फूट गेले.
कपाटाचा पल्ला दीड खातो.
उरली भिंत तीन फूट सात इंच.
तिच्यावर लाईटचं मीटर, खाली गव्हाची कोठी,
आणि कोठी हलायची नाही, हे आई दोनदा म्हणाली.

तीन वर्षं झाली
मी पलंगावर बसून पुण्याच्या कंपनीसाठी
हॉस्पिटलांची बिलं तपासते.
मांडीवर उशी, उशीवर पोळपाट, पोळपाटावर लॅपटॉप.
संध्याकाळी सातला पोळपाट आईला परत.
वैजू म्हणतो, आक्का, तुझ्यामुळंच
आपल्या पोळ्या गरम असतात.

वैजूला हवं ते टेबल काळं,
कडेनं लाल-निळा उजेड पळणारं,
पेल्यासाठी भोक, हेडफोन टांगायला शिंग.
"दोघांत एक घेऊ. दिवसा तुझं, रात्री माझं गेमिंग."
लांबी साडेचार फूट.
"मग भिंत ओढ जरा," मी म्हणाले.
तो खरंच उठला, टेप लावली,
तीन फूट सात. पुन्हा लावली.

स्टेशन रोडला काचेचं पाहिलं.
दुकानदारानं फडकं मारलं, बोलता बोलता परत मारलं.
परभणीची धूळ, ती काय काचेला सोडते.
मग घडीचं दाखवलं:
"ताई, लेडीजला हेच बरं.
पाहुणे आले की मिटून ठेवायचं."
पाहुणे मिटायचं काही आहे का, मी विचारलं.
त्यानं पंख्याचा वेग वाढवला.

भंगारात शाळेचा एक बाक होता, साडेचारशेला.
त्यावर कर्कटकानं कोरलेलं नाव, 'सुरे' एवढंच.
तास संपला असेल.
बसून पाहिलं. गुडघे फळीला लागले,
पाठीत चौथीचा वर्ग उभा राहिला.

शेवटी जिनिंगच्या मागं गौस मिस्त्रींकडं.
त्यांनी किंमत सांगितली नाही, विचारलीही नाही.
तेलाचा डबा पालथा घातला.
"बसा हितं. हात सोडा मोकळा. आता कोपर मोडा."
जमिनीपासून कोपरापर्यंत टेप.
"साडेचोवीस."
कानावरची पेन्सिल काढून फळीवर लिहिलं.
"बाजारातले समदे तीसचे राहतेत.
कोण्या उंच माणसाचं माप हाय, काय की.
तुमचे खांदे दुखतेत ना?"

दुखतात, मी म्हणाले.
आणि गप्प बसले डब्यावर थोडा वेळ.
आजवर माझी मापं पुष्कळ घेतली गेली:
ब्लाउजची, बोटाची,
दोनदा तर चपला काढायला लावून उंचीची,
भिंतीला टेकून, चहाचे कप हातात धरलेल्या लोकांसमोर.
कोपराचं कुणी घेतलं नव्हतं.

फळी जिनिंगच्या जुन्या दाराची.
कडीचं भोक तसंच ठेवलं मिस्त्रींनी,
वायर तिथून खाली जाते.
रंधा मारला तरी कापसाची एक बारीक तूस
अजून सापडते कडेला, नखात येते.
वैजूसाठी चार ठोकळे दिलेत,
रात्री पायांखाली सारायचे, सकाळी काढायचे.

तो काढायला विसरतो.
आज लॉगिनला चार मिनिटं होती
आणि टेबल माझ्या छातीशी आलेलं,
कीबोर्डवर शेंगदाण्याची फोलं.
हाक मारली नाही. रात्री तीनला झोपलेला.
एक कोपरा खांद्यानं उचलला, लाथेनं ठोकळा काढला,
मग दुसरा. चौथ्याला मीटरवर डोकं आपटलं.

बसले. हात आपोआप टेकले.
पाय खाली कोठीला लागला,
वाकून कोठीला हात लावला, कपाळाला नेला,
पहिलं बिल उघडलं:
डावं कोपर, फ्रॅक्चर, जिन्यावरून पडून,
वय बासष्ट, सत्तावीस हजार चारशे.
एकेक ओळ नीट वाचली.
कापण्यासारखं काही नव्हतं.