पक्का रंग

विष्णुपुरी, पॅथॉलॉजी, दुसरा मजला.
ब्लॉक चौदाशे सहा. मूत्राशय.
काशिनाथ हंचाटे, वय बासष्ट, इतवारा, नांदेड.
धंदा: रंगारी.
हा रकाना एरवी कोराच येतो.
तुमचा भरलेला, आणि दोनदा गिरवलेला.

मेणाच्या ठोकळ्यातून मी तुमचा
चार मायक्रॉनचा पापुद्रा काढला,
कोमट पाण्यावर तरंगवला, काचेवर उचलला.
मग ओळीनं भांडी: झायलीन, अल्कोहोल, पाणी, रंग.
"माय, हे तर आमचंच काम,"
म्हणाला होतात खिडकीशी, पावती धरून.
नखांच्या कडा निळ्या,
कढई विकून नऊ वर्षं झाली तरी.
"लघवीत लाल आलं तव्हा तीन महिने
मला वाटलं, अंगात मुरलेला रंगच उतरायलाय."
हसलात.
कोणत्या पुड्या वापरायचात, विचारणार होते.
नाही विचारलं.

तुम्हीच सांगितलं,
अख्खं लुगडं एकाच कढईत बुडतं,
पण तुरटीचं बोट फिरलं तिथंच रंग धरतो.
बाकीचं धुतलं की कोरं.

पुस्तकात हे इतकं सोपं कुणी लिहिलं नव्हतं.
पेशीपेशीत तेच लुगडं, काठपदरासकट,
आणि काही प्रथिनं त्यावरून बोट फिरवणारी:
इथं उमट.
इथं कोरं राहा.
म्हणून डोळा डोळा होतो
आणि मूत्राशयाचं अस्तर अस्तरच राहतं,
जन्मभर ओलीत उभं, शेजारणीचा हात धरून.

त्यातल्या एकाचं नाव गाटा थ्री.
केंद्रक तपकिरी दिसलं
की समजायचं, ते अजून कामावर आहे.

दुपारी लाईट जाऊन आली. भिंगाखाली पाहिलं.
वरच्या थरात तपकिरी ठिपके,
भाजलेल्या तिळासारखे, दाट.
खाली विरळ.
त्याखाली, स्नायूच्या तंतूंत,
निळं, नुसतं निळं,
हात सोडून एकेकट्या निघालेल्या पेशी.
तिथं आता दुसरंच कुणी बोट फिरवतंय,
जे जन्मापासून कोरं ठेवलेलं होतं
नेमक्या त्याच जागेवर:
चल. चालायला लाग.

मी पुन्हा रंगवलं.
कंट्रोलची काच दोन्ही वेळा तपकिरी आली.
म्हणजे रंग माझा कच्चा नव्हता,
हंचाटे.

रिपोर्ट मॅडम लिहितील, सही त्यांची.
काच ट्रेमध्ये ठेवली. मोजे काढले.
मोजा कुठंतरी फाटला असावा,
पेरावर निळा डाग. साबणाला दाद देत नाही.
आंबट ताकात बोट बुडवा, म्हणाला होतात,
रात्रभर नको, घटकाभर पुरे.

डबा उघडला.
आज ताक आणलेलं नाही.