पिवळा, क्रमांक अकरा

त्या हिवाळ्यात मॉस्कोत
दारापेक्षा उंच चित्रं निघायची,
छापखान्यातून नव्हे, हातांतून.
पुठ्ठ्याला भोकं पाडायची, भोकांवर ब्रश आपटायचा,
एका पोरीकडे एकच रंग.
फाइनाकडे टोपाचं हिरवं. वार्वाराकडे रक्त,
घरी जाऊनही तिची नखं निघत नसत.
माझ्याकडे शत्रूचे दात.
वरचे सहा, खालचे चार,
आणि एक सुळा ओठाबाहेर.

दिवसाला तीनशे जबडे.
अख्खं चित्र मी कधी पाहिलं नाही;
ओला कागद पुढच्या टेबलावर सरकायचा
आणि तो कुणाला खातोय
हे तिथे ठरायचं.

रंग खळीत कालवलेला. खळीत पीठ.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
मी दात रंगवून भरायचे थोडं:
पेलागेया निकानोरोव्हना पाठमोरी झाली
की ब्रश जिभेवर.
फाइनाने एकदा आरसा पुढे धरला.
"अग्निया, अगं, हा तर तोच!"
आम्ही खोकला येईपर्यंत हसलो.

तिखोनची पत्रं तेव्हा येत होती.
"आमच्या खंदकात तुमचं चित्र लावलंय,
दात बघून सगळे हसतात, मी सांगतो, बहिणीचे आहेत."
त्यापुढच्या दोन ओळी सेन्सॉरने काळ्या केलेल्या.

मग चव्वेचाळीसचा जुलै.
कैद्यांना शहरातून चालवत नेलं.
मी कोपरं मारत पुढे घुसले.
बायका चेहरे बघत होत्या, कुणी बूट,
मला तोंडं उघडायला हवी होती.
एकही उघडेना. दातखीळ बसल्यासारखे
चालत राहिले, चालत राहिले, धूळ.
एकाला उचकी लागली.
(घरी कुणी आठवण काढत असेल.
आमच्याकडेही असंच म्हणतात.)
त्या उचकीत दिसले:
बारीक, दाटीवाटीचे,
पुढचा एक अर्धा तुटलेला.
सुळा शोधेपर्यंत पुढची रांग आली.

संध्याकाळी पाळीवर नवा पुठ्ठा होता,
भोकं आधीपेक्षा मोठी.
तिखोनची पत्रं थांबून पाच महिने झाले होते.
मी ब्रश आपटला, जोरात, हात दुखेस्तोवर,
दोनशे, दोनशे दहा,
आणि कुठल्याशा एका कागदावर
पुढचा एक दात अर्धाच भरला.

पेलागेयाने तो उजेडात धरला.
बराच वेळ.
"रंग खाल्लास काय गं?"

मी हो म्हणाले.