मुद्देमाल

कुलूप शाबूत होतं.
कडी कापली होती,
आणि कापली होती माझ्याच ग्राइंडरने,
जो आदल्या संध्याकाळी चिऱ्यांच्या थप्पीवर
मीच विसरलो होतो.
वीज आमची, बोर्ड आमचा.
चोराने स्वतःचं असं काही आणलंच नव्हतं.

आसगावचा बंगला, दिल्लीच्या मालकाचा.
पोहण्याच्या तलावाला अजून फरशी नाही,
तळाशी टँकरचं पाणी, त्यात बेडूक.
बिरंची वॉचमन म्हणाला, कुत्रं भुंकलंच नाही.
कुत्रं त्याच्या पायाशी बसून ऐकत होतं.

हणजुण्याच्या पोलिस ठाण्यात हवालदार म्हणाला,
एकेक वस्तू सांग, किमतीसकट.
ड्रिल मशीन, एक. ग्राइंडर, एक.
तांब्याची वायर, अडीच बंडल.
यमनूर गवंड्याचा ओळंबा, पितळी.
"ओळंब्याची कसली तक्रार? दोनशे रुपयांची वस्तू."
यमनूर तेव्हा ठाण्यात नव्हता.
कोप्पळचा म्हटल्याबरोबर
आधार कार्डाची झेरॉक्स आणायला धाडलं होतं त्याला.
चोरी त्याचीही झाली होती
हे मी सांगितलं. एकदाच सांगितलं.

ड्रिलवर काही खूण?
लाल ठिपका, मी म्हटलं. मुठीखाली. नेलपॉलिशचा,
बायकोने लावलेला.
हवालदाराने मान वर केली, खाली घातली,
आणि लिहिलं: तांबडी खूण.

तीन शुक्रवार गेले.
चौथ्या शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारात,
सुक्या बांगड्यांची रांग संपते तिथे
ताडपत्रीवर पाने, पकडी, गंजलेली बिजागरं,
एका पायाचा स्केट,
आणि ते.
मी लगेच हात लावला नाही.
आधी बिजागरांचा भाव विचारला.
मग असंच विचारल्यासारखं,
हे चालतं का रे?
चालवून बघा, म्हणाला,
आणि शेजारच्या उसाच्या रसवाल्याकडे वायर खोचली.
सुरू होताना ते दोनदा खोकलं.
माझंच.

बाराशे म्हणाला.
मी सातशे म्हटलं.
चक सैल आहे बघ, मी म्हणालो, वायरला टेप आहे
(टेप मीच गुंडाळली होती, धारगळच्या साइटवर,
जेवणाच्या सुट्टीत),
ब्रश गेलेले दिसतात.
इतकी निंदा त्याची मी कधी केली नव्हती.
नऊशेला तुटलं.
पिशवी पण दिली त्याने, कुठल्याशा साडीच्या दुकानाची.

घरी अंगणात बसलो, थिनरची बाटली घेऊन.
ठिपक्यावर कुणीतरी काळा रंग फासला होता.
काळा गेला, लाल आला.
चिंधी थांबवायला हवी होती तिथेच.
लालही गेला,
आणि खाली, खिळ्याने कोरलेलं: प. ना.

ती अक्षरं मी सहा वर्षांपूर्वी कानशीने घासली होती.
पुरती जाईनात, म्हणून बायको म्हणाली,
थांब, माझ्याकडे आहे काहीतरी.
तोच बाजार. तीच बाजू, बांगड्यांच्या पलीकडची.
आठशेला मिळालं होतं.
विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.
स्वस्तात पडलं म्हणून येताना
मिरची भजी बांधून घेतली होती जास्तीची.

प. ना.
पांडू नाईक असेल, किंवा पास्कोल नाझारेथ.
त्याचाही असेल एक हवालदार,
त्यालाही कुणी विचारलं असेल, खूण काय?
आणि त्याने म्हटलं असेल, नाव आहे साहेब,
माझं नाव आहे त्याच्यावर.

ठाण्यात मी कळवलं नाही.
काय कळवणार, आणि किती जुनं?

सोमवारी साइटवर ड्रिल बाहेर काढलं
तेव्हा यमनूर जवळ आला.
वाकून बघितलं, हसला.
मग विचारलं,
"चारी, माझा ओळंबा पण होता का तिथे?"

ताडपत्रीकडे मी दुसऱ्यांदा बघितलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी बघतो, म्हणालो.
तो काही बोलला नाही.
दोरीच्या टोकाला त्याने एक मोठा नट बांधला होता,
तो भिंतीवरून खाली सोडला.
नट हलत राहिला, इकडे, तिकडे,
आणि तो थांबेपर्यंत
आम्ही दोघंही थांबलो.