वेटिंग

आत्या इंदूरहून आली तेव्हा तिच्या पर्समध्ये
डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती
आणि चिठ्ठीच्या पाठीवर, पेन्सिलीने, ठाण्यातली तळी.
तलाव नाही म्हणत ती. तळी.
नऊ नावं. दहाव्या आकड्यापुढे नुसती रेघ.
"तिथं गेलं की आठवेल," म्हणाली.

स्टेशनबाहेर तीन रिक्षा मान हलवून गेल्या.
चौथा थांबला, जनार्दन घरत, बाळकुमचा.
"कुठं जाचा?"
"तळी बघायला."
"कुठलं तलं?"
"सगळी."
त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आरशात,
आणि मीटर टाकला.

मासुंद्याला हंसांच्या होड्या साखळीने बांधलेल्या,
एकाची मान मोडलेली, सुतळीने आवळलेली.
आत्याने कठड्यावर हात ठेवला
जसा बाजारात कोबीवर ठेवतात,
घ्यायचा की नाही ते नंतर.
"लहान झालं गं हे."
"तू मोठी झालीस."
"मी चार फूट अकरा आहे. दहावीपासून."

कचराळीला माणसं पाण्याभोवती फिरत होती
पाण्याकडे न बघता,
मनगटावरची पावलं मोजत.
एका आजोबांनी आम्हाला दटावलं,
उलट्या दिशेने चालता म्हणून.

मग नितीन कंपनीचा सिग्नल. मग पुन्हा तोच सिग्नल.
बसच्या धुरात आत्या चिठ्ठी उन्हाला धरून
नावं वाचत होती हळूहळू,
जशी शाळेत हजेरी.
रायलादेवी. हजर. आंबे घोसाळे. हजर.
मी भाड्याचे आकडे बघत होते.

उपवनला येऊरचे डोंगर पाण्यात उलटे पडलेले,
त्यांच्यावर कुणीतरी वाहिलेला झेंडू तरंगत.
जनार्दन इंजिन बंद करून खाली उतरला.
"बावीस वर्सं सवारी सोडतंय इथं," म्हणाला,
"पाण्याला हात नय लावला कंदी."
आणि पायरीवर बसून
त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
आम्ही तिघं काही बोललो नाही.
तेवढ्या वेळात मीटरही नाही.

दहावं पाचपाखाडीच्या पुढे कुठेतरी.
वड होता, आत्या म्हणे, वडाखाली धोब्याचा दगड,
आणि दगडावर बसून तिने एकदा
गणिताचा पेपर फाडून सोडला होता पाण्यात,
तुकडा तुकडा, म्हणजे वडिलांना जोडता येऊ नये.
एकच गल्ली आम्ही तीनदा फिरलो.
"नय गो आत्या, इथं तलं नवता," जनार्दन म्हणाला,
"माझे बापाने पन नय सांगितला कंदी."
चौथ्या वेळी ती म्हणाली, थांब.

सव्वीस मजली इमारत. नाव श्रीनिधी.
लेक-काहीतरी नव्हतं, तेवढं बरं.
गेटखालून एक हिरवा पाइप रस्त्याला आलेला
आणि त्यातून पाणी, मार्च महिन्यात, स्वच्छ,
गटाराकडे चाललेलं.
आत कुठेतरी पंपाची घरघर.
"खाली पार्किंग आहे ना, दोन मजले," वॉचमन म्हणाला,
"तिथं येतं. बारा महिने.
तीन प्लंबर झाले. लीकेज सापडत नाही."

आत्या वाकली. गुडघा कटकन वाजला.
पाइपाखाली ओंजळ धरली, भरली, सांडली,
पुन्हा धरली.
चिठ्ठी तिच्या काखेत भिजत होती.
मला वाटलं आता नाव घेईल.
तिने विचारलं, "वड कुठं गेला?"
वॉचमन नुकताच लागलेला. त्याला कसलं माहीत.

जनार्दनने सीटखालचं फडकं काढलं,
त्याच धारेखाली पिळलं
आणि रिक्षाची काच पुसायला लागला,
आधी बाहेरून, मग आतून,
लिंबू-मिरची जरा बाजूला करून.
"वेटिंग लागंल, आत्या."
"लागू दे," ती म्हणाली,
आणि चपला काढून
गटाराच्या काठावर नीट जोडीने ठेवल्या.